‘गणितात कच्चा’ म्हणजे नेमका कुठे कच्चा?

‘राजूजवळ १२ गोट्या आहेत. त्या मीनाच्या गोट्यांपेक्षा ४ ने जास्त आहेत. तर मीनाजवळ किती गोट्या आहेत?’

माझ्याकडे शिकवणीला येणाऱ्या पाचवीतल्या मुलीने हे उदाहरण वाचलं, वहीत १२ + ४ मांडलं आणि १६ लिहून पेन्सिल खाली ठेवली. दहा सेकंदही लागले नसतील. बेरीज बरोबर होती, अक्षर टपोरं होतं आणि उत्तर चूक होतं. मी विचारलं, ‘‘बेरीज का केलीस गं?’’ तिने नवलाने माझ्याकडे पाहिलं. ‘‘काकू, ‘जास्त’ लिहिलंय ना!’’

तिची आई तिला पहिल्यांदा घेऊन आली तेव्हा दारातच म्हणाली होती, ‘‘पाढे येतात, बेरीज-वजाबाकी येते. इबारती सवाल, म्हणजे शाब्दिक उदाहरण, आला की गाडी अडते. गणितात कच्चीच आहे हो ती.’’

इंदूरला राजेंद्र नगरातल्या माझ्या घरी गेली बावीस वर्षं मुलं गणित शिकायला येताहेत. ‘कच्चा’ हा शब्द मी दर वर्षी ऐकते आणि अलीकडे तो जास्त कानावर येतो. सीबीएसईच्या दहावीच्या पेपरात आता जवळपास निम्मे गुण क्षमताधारित प्रश्नांना असतात, हे त्याचं एक कारण. क्षमताधारित म्हणजे नुसतं सूत्र येतं का हे न विचारता, नव्या प्रसंगात ते सूत्र मुलाला सुचतं का, हे पाहणारा प्रश्न. गणिताच्या पेपरात शेवटी चार-चार गुणांच्या तीन केस स्टडी असतात: कुठे बागेचा नकाशा, कुठे मैदानातल्या रांगा, कुठे दिव्याच्या खांबाची उंची. सगळी सूत्रं पाठ असलेली मुलं तिथे थबकतात, आणि घरी येऊन ‘सगळं येत होतं, पण सुचलं नाही’ म्हणतात. पालकांना वाटतं, मूल सबब सांगतंय. माझा अनुभव असा की बहुतेक वेळा ते अगदी खरं सांगत असतं.

आमच्याकडे नर्मदेचं पाणी एक दिवसाआड येतं. ते आलं नाही तर ‘आपला नळ कच्चा आहे’ असं कोणी म्हणत नाही. लाइन बंद आहे का, व्हॉल्व्ह उघडला का, मोटर चालतेय का, जाळीत कचरा अडकलाय का, हे आपण एकेक करून बघतो. गणित सोडवतानाही डोक्यात असे बरेच टप्पे असतात आणि प्रत्येक ठिकाणी अडायची सोय असते. मानसशास्त्रज्ञांनी आणि गणित-शिक्षणाच्या अभ्यासकांनी गेल्या साठ-सत्तर वर्षांत यांतल्या बऱ्याच जागा शोधून ठेवल्या आहेत. त्या पालकांपर्यंत मात्र पोचलेल्या नाहीत.

ओटा आणि फडताळ

स्वयंपाकघरापासून सुरुवात करू. तुमच्या घरात फडताळ आहे, त्यात शंभर डबे आहेत. पण प्रत्यक्ष काम चालतं ओट्यावर, आणि ओटा लहान असतो. परात, चिरलेला कांदा, तेलाची बरणी, कुकर एवढं ठेवलं की पाचव्या वस्तूला जागा नाही. नवी वस्तू आणली की जुनी काहीतरी खाली पडते.

डोक्याचंही असंच आहे. या घडीला ज्या गोष्टी मनात धरून आपण त्यांच्यावर काम करतो, त्या जागेला ‘कार्यकारी स्मृती’ म्हणतात. हा शब्द एकदाच सांगते, पुढे मी ओटाच म्हणेन. मानसशास्त्रज्ञ जॉर्ज मिलर यांनी १९५६ मध्ये अंदाज केला की माणसाच्या मनात एका वेळी सातेक गोष्टी राहतात. पुढे २००१ मध्ये नेल्सन कोवान यांनी दाखवलं की खरा आकडा चारच्या आसपास आहे. मोठ्यांचं हे असं, मग मुलांचा ओटा त्याहून लहान असणार हे ओघाने आलंच.

आता ४७ गुणिले ६ तोंडी करून पाहा. चाळीस सक दोनशे चाळीस, हे धरून ठेवायचं. सात सक बेचाळीस, हेही धरायचं. मग दोन्ही मिळवायचे: दोनशे ब्याऐंशी. ज्याला ‘सात सक बेचाळीस’ फडताळातून आयतं मिळतं त्याचा ओटा मोकळा राहतो. ज्याला ते बोटांवर मोजावं लागतं, त्याचं मोजून होईपर्यंत दोनशे चाळीस ओट्यावरून खाली पडलेले असतात. तो पुन्हा पहिल्यापासून सुरू करतो, पुन्हा सांडतो आणि तिसऱ्यांदा कंटाळून काहीतरी लिहून देतो. आपण म्हणतो, लक्ष नाही.

अनुभवी माणसाचा ओटा काही मोठा नसतो. त्याच्याकडे मिसळणाचा डबा असतो, एवढाच फरक. मोहरी, जिरं, हळद, हिंग, तिखट यांच्या वेगवेगळ्या बरण्या मांडल्या तर ओटा भरून जाईल. एकाच डब्यात वाट्या बसवल्या की एका वस्तूची जागा लागते. १९७३ मध्ये चेस आणि सायमन या दोघांनी हे बुद्धिबळावर तपासलं. खऱ्या डावातला पट पाच सेकंद दाखवला की निष्णात खेळाडू त्यातल्या बहुतेक सोंगट्या जागच्या जागी मांडत. सोंगट्या कशाही विखरून ठेवल्या की तेच खेळाडू नवशिक्यांच्या पंगतीला येत. म्हणजे स्मरणशक्ती अचाट नव्हती, ओळखीचे डबे तयार होते. दहावीतल्या मुलाला क्ष² − ९ दिसताक्षणी ‘वर्गांची वजाबाकी’ दिसत असेल तर त्याच्याकडे तो डबा आहे. नसेल तर त्याच्या ओट्यावर चार सुट्या वस्तू आहेत.

‘आमच्या वेळी पाढे घोकले, काय वाईट झालं?’

काहीच वाईट झालं नाही. उलट ते घोकणं उपयोगी होतं. माझे आजोबा पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी आणि थेट औटकीपर्यंत म्हणत. औट म्हणजे साडेतीन, हे आता समजावून सांगावं लागतं. किराण्याचा हिशोब ते बोलता बोलता करत, कारण त्यांचं फडताळ गच्च होतं आणि ओटा मोकळा.

‘समजलं पाहिजे, पाठांतर नको’ असं म्हणणाऱ्यांचा हेतू चांगला असतो, पण त्यात मुलाचं नुकसान होतं. ‘परख’ या एनसीईआरटीच्या मूल्यमापन केंद्राच्या २०२४ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात सहावीतल्या फक्त ५३ टक्के मुलांना दहापर्यंतचे पाढे नीट येत होते. त्याच वर्षीच्या ‘असर’ या ग्रामीण शिक्षणाच्या पाहणीत ग्रामीण भारतातल्या पाचवीच्या १०० मुलांपैकी जेमतेम ३१ जणांना तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भागता आलं. या मुलांना सातवीत बीजगणित शिकवणं म्हणजे भरलेल्या ओट्यावर आणखी पातेली आणून ठेवणं.

पण नुसत्या पाढ्यांनी भागत नाही. माझ्या त्या पाचवीतल्या मुलीला पाढे येत होतेच.

तीन भाषांतले पंचेचाळीस

‘गणिताला कसली भाषा? आकडे सगळीकडे सारखेच’ असं पुष्कळ जण म्हणतात. लिहिलेले आकडे सारखे असतात हे खरं. बोललेले नसतात.

‘पंचेचाळीस’ हा शब्द नीट ऐका. कानावर आधी पाच येतो, मग चाळीस. लिहिताना आधी ४ लिहायचा, मग ५. पहिली-दुसरीतलं मूल जसं ऐकतं तसं लिहितं आणि ५४ करतं. त्या मुलाला संख्या कळत नाही असं नव्हे, ते कानाशी इमान राखतंय. जर्मन भाषेतही ‘पाच आणि चाळीस’ असाच क्रम आहे, आणि जर्मन बोलणाऱ्या लहान मुलांच्या वह्यांतही अंकांची हीच अदलाबदल अभ्यासकांना सापडली. चिनी भाषेत ४५ म्हणजे ‘चार-दहा-पाच’. तिथे जे ऐकायचं तेच लिहायचं.

मराठीत त्यावर एकोणचं ओझं. एकोणसाठ म्हणजे साठाला एक कमी. शब्दात साठ ऐकू येतो, लिहायचा मात्र ५ पासून. २०१९ मध्ये महाराष्ट्रात बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात ‘एकवीस’च्या जोडीने ‘वीस एक’ अशी वाचनपद्धत आली तेव्हा केवढा गदारोळ झाला होता, ते इथे इंदूरमध्येही आम्ही चवीने चर्चिलं. गणित समितीच्या प्रमुख डॉ. मंगला नारळीकर होत्या. जोडाक्षरांचा आणि उलट्या क्रमाचा लहान मुलांना होणारा त्रास कमी करावा, अशी त्यामागची भूमिका होती. मला स्वतःला ‘एकवीस’ सोडवणार नाही, तो शब्द माझ्या आईच्या आवाजात मनात बसलाय. पण समितीने बोट ठेवलं होतं ते खऱ्या अडचणीवर, आणि चेष्टेच्या भरात ती अडचण बाजूला राहिली याची मला आजही हळहळ वाटते.

इंदूरच्या मराठी घरातल्या मुलाचं तर त्याहून अवघड. घरी आजी म्हणते एकोणऐंशी, रिक्षावाला म्हणतो उन्यासी, शाळेत मॅडम म्हणतात सेव्हंटी नाइन. घरी हातचा, हिंदी शाळेत हासिल, इंग्रजीत कॅरी. मराठीतला अपूर्णांक हिंदीत भिन्न होतो, घनफळाचं आयतन होतं आणि त्रिकोणाचा त्रिभुज. मूल तिन्ही भाषा शिकतं, त्यात वाद नाही, आणि पुढे त्याचा फायदाच होतो. पण शिकत असण्याच्या दिवसांत या भाषांतराला ओट्यावर जागा लागते. मराठीत विचारलं की चटकन सुटणारं गणित इंग्रजीत विचारलं की का अडतं, याचं उत्तर पुष्कळदा इतकं साधं असतं. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात शक्य तिथे किमान पाचवीपर्यंत घरच्या भाषेत शिकवावं असं म्हटलंय. ते शाळेत होईल तेव्हा होईल, घरी तर आपण आजपासून करू शकतो: उदाहरण इंग्रजीत वाचू द्यावं आणि ‘आता मला मराठीत सांग, काय विचारलंय?’ म्हणावं.

यात एक गंमतही आहे. इंग्रजीत ‘फाइव्ह लेस दॅन एक्स’ म्हटलं की मुलं हमखास ५ − क्ष लिहितात, कारण शब्द त्या क्रमाने येतात. मराठीत आपण ‘क्षपेक्षा ५ ने कमी’ म्हणतो. क्ष आधी, पाच नंतर, कमी शेवटी. समीकरण आपसूक क्ष − ५ असं सरळ उतरतं. इथे आपली भाषा मुलाचा हात धरते.

‘जास्त’ दिसलं की अधिक

आता त्या गोट्यांकडे वळू. शाब्दिक उदाहरणं शिकवताना शाळेत आणि शिकवणीतही एक किल्ली दिली जाते: ‘एकूण’ आलं की बेरीज, ‘उरले’ आलं की वजाबाकी, ‘प्रत्येकी’ आलं की भागाकार, ‘जास्त’ आलं की अधिक. सुरुवातीची काही वर्षं मीही ती दिली आहे. त्या मुलांची मला आठवण येते, कारण ही किल्ली दुसरी-तिसरीत प्रत्येक कुलपाला लागते आणि पाचवीत दगा देते. तोपर्यंत मूल वाचायचंच विसरलेलं असतं. ते शब्द वेचतं, आकडे वेचतं आणि हिशोब करतं.

या तऱ्हेच्या उदाहरणांवर अभ्यास झाले आहेत. ‘जास्त’ हा शब्द असून वजाबाकी करावी लागते तिथे मुलंच काय, कॉलेजातली माणसंही जास्त चुकतात. जे बरोबर सोडवतात ते आकड्यांवर कमी आणि माणसांवर जास्त रेंगाळतात: कोणाजवळ, कोणापेक्षा, कोण पुढे, कोण मागे. त्यांच्या मनात आधी चित्र उभं राहतं आणि गणित त्यानंतर येतं.

अमेरिकेत अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षाच्या मुलांना एकदा विचारलं होतं: एका विद्यापीठात प्राध्यापकांच्या सहापट विद्यार्थी आहेत, तर विद्यार्थी ‘व’ आणि प्राध्यापक ‘प’ धरून समीकरण लिहा. सुमारे ३७ टक्के मुलं चुकली, आणि चुकणाऱ्यांतल्या बहुतेकांनी ६व = प लिहिलं. उत्तर व = ६प आहे. आकडे सोपे, बीजगणित त्याहून सोपं, आणि मुलं अभियंते व्हायला निघालेली. वाक्य डावीकडून उजवीकडे उतरवून काढलं आणि फसले.

एकतीस बस आणि उरलेले बारा

हे अजून एक उदाहरण, अमेरिकेतलंच, १९८३ च्या सुमारचं. एका बसमध्ये ३६ सैनिक बसतात. ११२८ सैनिकांना न्यायला किती बस लागतील? तेरा वर्षांच्या मुलांना हे देशपातळीवर विचारलं गेलं. सत्तर टक्के मुलांनी भागाकार बरोबर केला. पण ३२ बस असं उत्तर देणारी फक्त २३ टक्के. २९ टक्के मुलांनी लिहिलं, ‘३१ बस, बाकी १२’.

मला हे वाचून खरं वाटेना, म्हणून सहावीच्या मुलांना मी महेश्वरच्या सहलीचं करून घातलं. आकडे तेच. आठांपैकी पाच जणांनी बाकी १२ लिहिली. मग मी म्हटलं, ‘‘आता तू त्या बारा जणांतला एक आहेस. सकाळचे सहा वाजलेत, पाठीला डबा आणि पाण्याची बाटली आहे, बस निघाली. तू काय करशील?’’ मुलगा ओरडलाच, ‘‘दुसरी बस बोलवा ना!’’ मग वहीतल्या एकतीसकडे पाहून खुदकन हसला.

त्याला सगळं येत होतं. पण त्याच्या मनात एक समजूत घट्ट बसलेली होती: गणिताच्या तासाला घरची अक्कल आणायची नसते. आकडे दिलेत म्हणजे ते वापरायचे, आणि उत्तर असतंच. जहाजावर २६ मेंढ्या आणि १० शेळ्या आहेत, तर कप्तानाचं वय किती, असं फ्रान्समधल्या मुलांना विचारलं तर बहुतेकांनी मुकाट ३६ लिहून दिलं. हा मुलांचा मूर्खपणा नव्हे. वर्षानुवर्षं प्रत्येक प्रश्नाला उत्तर निघतंच, हे त्यांनी आपल्याकडूनच शिकलेलं असतं.

हातगाडीवर येतं ते फळ्यावर का येत नाही?

याची दुसरी बाजू आपल्याच देशात दिसली. अभिजित बॅनर्जी, एस्तेर डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा एक अभ्यास २०२५ च्या सुरुवातीला ‘नेचर’मध्ये आला. कोलकाता आणि दिल्लीच्या बाजारांत काम करणाऱ्या १४०० हून जास्त मुलांकडून त्यांनी वस्तू विकत घेतल्या. आठशे ग्रॅम बटाटे वीस रुपये किलोने, एक किलो चारशे ग्रॅम कांदे पंधराने, दोनशेच्या नोटेतून किती परत, असले हिशोब ती मुलं कागद-पेन्सिल न घेता करत होती. तीच मुलं शाळेच्या पद्धतीने मांडलेल्या साध्या भागाकारात अडली. आणि शाळेत चांगलं गणित करणारी मुलं बाजारातल्या हिशोबात गडबडली. ब्राझीलमधल्या रेसिफे शहरात १९८५ मध्ये असंच दिसलं होतं: रस्त्यावर विकताना मुलांचे ९८ टक्के हिशोब बरोबर, कागदावर नुसते आकडे मांडून दिले की ३७ टक्के.

आमच्या कॉलनीच्या तोंडाशी संध्याकाळी भाजीची हातगाडी लागते. गाडीवाल्याचा मुलगा बारा-तेरा वर्षांचा असेल. ‘पाव किलो भेंडी, आधा किलो टमाटर, धनिया दस का’ असं म्हणत तो पिशवी भरेपर्यंत बेरीज सांगतो. मी एकदा विचारलं, कशी केलीस? तो म्हणाला, ‘‘आंटी, पहले सौ बना लिया, फिर ऊपर का जोड़ा।’’ शंभर करून घ्यायचे आणि वरचे जोडायचे. ही अस्सल गणिती युक्ती आहे, आणि मला खात्री वाटते की त्याच्या शाळेत ती त्याला कोणी कधी विचारली नसणार.

भीती जागा खाते

इथे मी जरा थांबणार आहे, कारण माझ्या मते सगळ्यांत जास्त मुलं या ठिकाणी अडतात आणि आपण सगळ्यांत कमी लक्ष इथे देतो.

‘घाबरू नकोस’ आपण सगळेच म्हणतो, जणू भीती हा स्वभावदोष आहे. मार्क ॲशक्राफ्ट या मानसशास्त्रज्ञाने २००१ च्या आसपास प्रयोग करून दाखवलं की गणिताची भीती नेमकी ओट्यावरची जागा खाते. ‘हे चुकणार’, ‘बाबा काय म्हणतील’, ‘बाकीच्यांचं झालं वाटतं’ हे विचारही कुठेतरी ठेवावेच लागतात. चार वस्तूंच्या ओट्यावर दोन जागा भीतीने अडवल्या की गणिताला उरतात दोन. मग हातच्याचा आकडा पडतो, चिन्ह बदलतं, वाचलेली ओळ पुसून जाते. उत्तर चुकलं की भीती वाढते आणि ती आणखी जागा मागते.

ही फक्त कच्च्या समजल्या जाणाऱ्या मुलांची गोष्ट नाही. सायन बाइलॉक यांच्या प्रयोगांत दिसलं की दडपणाखाली ज्यांचा ओटा मुळात ऐसपैस असतो त्यांचीच कामगिरी जास्त घसरते, कारण ती माणसं त्या जागेवर विसंबूनच अवघड गणितं करत असतात. इंदूरच्या भंवरकुआ भागातल्या कोचिंग क्लासमधल्या हुशार मुलांचं मॉक टेस्टमध्ये असं का होतं, ते यातून कळतं. ‘पिसा’ या आंतरराष्ट्रीय चाचणीत २०१२ मध्ये पंधरा वर्षांच्या मुलांना विचारलं तेव्हा ५९ टक्के म्हणाली, गणिताचा तास अवघड जाईल याची आम्हाला बरेचदा काळजी वाटते. तीस टक्के म्हणाली, गणित सोडवताना असहाय वाटतं. भारत त्या फेरीत नव्हता, पण आपलं चित्र फार वेगळं असेल असं मला वाटत नाही.

भीती येते कुठून? एक वाट घरातून जाते. अमेरिकेतल्या पहिली-दुसरीच्या मुलांवरचा २०१५ चा अभ्यास सांगतो की ज्या पालकांना स्वतःला गणिताची धास्ती असते आणि जे वारंवार मुलांच्या गृहपाठात मदत करायला बसतात, त्यांची मुलं वर्षभरात गणित कमी शिकतात आणि जास्त घाबरतात. ज्या धास्तावलेल्या पालकांनी फारशी मदत केली नाही, त्यांच्या मुलांत हे दिसलं नाही. दुसरी वाट वर्गातून. २०१० च्या अभ्यासात, शिक्षिकेला गणिताची जितकी भीती, तितकी वर्षाअखेर वर्गातल्या मुलींची (मुलांची नव्हे) ‘गणित हे मुलग्यांचं काम’ अशी समजूत पक्की होताना दिसली, आणि त्या मुलींचे गुणही कमी झाले.

माझ्याकडे आठवीतला एक मुलगा येत असे. वडील पहिल्या दिवशी शेजारीच बसून राहिले. मी उदाहरण दिलं की तो आधी वहीकडे पाहायच्याऐवजी वडिलांकडे पाहायचा. वडील रागीट नव्हते, नुसता पाय हलवत होते. मी त्यांना चहा घ्यायला आत बोलावलं आणि बाहेर आले तेव्हा मुलाने तीन गणितं सोडवली होती. दुसऱ्या दिवसापासून वडील फाटकापाशी सोडून जाऊ लागले. समंजस माणूस होता, लगेच उमगलं त्यांना.

म्हणून ‘अगं, मला पण कधी जमलं नाही गणित’ असं लेकीला प्रेमाने म्हणू नये, एवढं हात जोडून सांगते. तुम्ही धीर देताय असं तुम्हाला वाटतं. तिला ऐकू येतं की हे आपल्या घराण्यात नाही.

‘पण काहींना उपजतच नसतं ना?’

मुलामुलांत फरक असतो, तो नाकारण्यात अर्थ नाही. काही थोड्या मुलांना संख्यांचीच अडचण असते. पाच आणि आठ यांत मोठं कोण हे चौथीतही मोजून सांगावं लागतं, घड्याळ कळत नाही, सुटे पैसे कळत नाहीत. याला डिस्कॅल्क्युलिया म्हणतात. मूल आळशी नसतं. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात शिकण्यातल्या अशा विशिष्ट अडचणींचा समावेश आहे आणि रीतसर तपासणी झाली तर बोर्डाकडून सवलतीही मिळतात. शंका आली तर तज्ज्ञाला दाखवावं, लपवू नये. पण ‘कच्चं’ म्हणून माझ्याकडे आलेल्या मुलांत अशी मुलं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच होती.

‘मग भरपूर सराव घ्यावा, झालं’

सराव हवाच, पण कसा? आपल्या पुस्तकांत नफा-तोट्याच्या धड्यामागे नफा-तोट्याची वीस गणितं असतात. पहिल्या दोन-तीन गणितांनंतर मूल ‘कोणती रीत वापरायची?’ हा विचारच करत नाही, तो धड्याच्या नावानेच केलेला असतो. परीक्षेत धड्याचं नाव नसतं. अमेरिकेत सातवीच्या ५४ वर्गांत हे करून पाहिलं गेलं. काही वर्गांना एकेका प्रकारची गणितं सलग दिली, काहींना तीच गणितं आलटून-पालटून. महिनाभराने न सांगता परीक्षा घेतली. सलगवाल्यांना सरासरी ३८ टक्के, मिसळवाल्यांना ६१. सरावाच्या वेळी मात्र मिसळ अवघड वाटते, मुलं जास्त चुकतात आणि पालकांना वाटतं, याला काहीच येईना. तेव्हा पानामागून पान न सोडवता तीन जुन्या धड्यांतली दोन-दोन उचलावी आणि उदाहरण सोडवण्याआधी ‘हे कुठल्या जातीचं?’ एवढंच विचारावं.

‘परीक्षेत विचार करायला वेळ कुठे असतो?’

बर्कली विद्यापीठाचे ॲलन शोनफेल्ड यांनी माणसं गणित सोडवताना काय करतात, ते मिनिटामिनिटाला टिपून पाहिलं. विद्यार्थी उदाहरण वाचायचे, एक वाट धरायचे आणि वीस मिनिटं तीच वाट तुडवत राहायचे, चुकीची असली तरी. मुरलेला गणिती सुरुवातीला बराच वेळ काही लिहितच नसे. वाचायचा, चित्र काढायचा, एक वाट चाचपून परत फिरायचा. त्यालाही चुकीचे रस्ते लागायचे, पण तो त्यांत अडकून पडत नसे. शोनफेल्ड वर्गात फिरता फिरता तीनच प्रश्न विचारत: नेमकं काय करतोयस? का करतोयस? याने तुला पुढे काय मिळणार? सुरुवातीला मुलं गांगरत. काही महिन्यांनी ती हे प्रश्न स्वतःला विचारू लागत.

म्हणजे वेळ वाचतो तो सुरुवातीला थांबल्याने. ज्या दहा सेकंदांत माझ्या विद्यार्थिनीने १६ लिहिले, त्याच्या दुप्पट वेळ तिने वाचण्यात घालवला असता तरी पुरलं असतं.

त्या दिवशी मी तिचं उत्तर खोडलं नाही. चिंचोक्यांचा डबा काढून तिच्यापुढे ठेवला आणि म्हटलं, ‘‘मला मराठीत सांग, कोणाजवळ जास्त आहेत?’’

‘‘राजूजवळ.’’

‘‘मग आधी राजूच्या मांड.’’

तिने बारा चिंचोके एका रांगेत मांडले. मीनासाठी खाली दुसरी रांग सुरू केली. एक, दोन, तीन, चार. आठवा चिंचोका ठेवून तिचा हात हवेतच राहिला. तिने वरची रांग पाहिली, खालची पाहिली, वरच्या रांगेतले शेवटचे चार बोटाने झाकले, पुन्हा उघडले.

‘‘काकू,’’ ती म्हणाली, ‘‘मग यांनी ‘जास्त’ का लिहिलं?’’